मूळ गेमपेक्षा सरस ठरलेला पुढचा भाग कसा ओळखावा आणि मालिका कोठून सुरू करावी

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की ठाण्यातील आमच्या गृहसंकुलात मुले आणि त्यांचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: अमुक मालिकेचे तीन-चार भाग निघाले आहेत, तर पहिल्यापासून सुरुवात करावी, की ज्याची सगळीकडे वाहवा होते तो दुसरा भाग थेट घ्यावा? कादंबरीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला निघणे ही बऱ्याचदा घडणारी गोष्ट आहे आणि तिला ठोस कारणे आहेत. पहिल्या भागाच्या वेळी निर्मात्यांचा बराचसा काळ गेमचे इंजिन (ज्यावर सारा गेम चालतो ती मूळ प्रणाली) उभे करण्यात, कॅमेरा कोठे ठेवावा आणि कोणते बटण कशासाठी वापरावे हे ठरवण्यात जातो. दुसऱ्या भागाला हात घालताना ती साधने तयार असतात आणि लाखो खेळाडू नेमके कोठे अडले, कोठे कंटाळले, हेही कळलेले असते. या माहितीचा उपयोग कोणी कसा केला, हे तपासायला शिकले की निवड करणे अवघड राहत नाही.

सर्वप्रथम पाहावे ते हे, की खेळाडूचा हात दर मिनिटाला जे काम करतो ते काम सुधारले आहे का. नकाशा मोठा झाला, शस्त्रे वाढली, चित्रे अधिक रेखीव झाली, हे सगळे जाहिरातीत ठळकपणे दाखवता येते. हाताचे काम दाखवता येत नाही, म्हणून तेच आपण मुद्दाम शोधावे. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण म्हणजे गाव वसवून, सैन्य उभारून लढण्याचा ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा गेम. १९९७ च्या पहिल्या भागात तटबंदीला दरवाजाच नव्हता, त्यामुळे आपल्याच सैन्याला बाहेर पडण्यासाठी भिंतीत फट ठेवावी लागे. कोणता गावकरी काम सोडून रिकामा उभा आहे, हे संपूर्ण नकाशा धुंडाळून शोधावे लागे. एका इमारतीतून पाच सैनिक हवे असतील तर एक तयार होईपर्यंत थांबून मग दुसरा मागवावा लागे. १९९९ च्या ‘द एज ऑफ किंग्ज’ या दुसऱ्या भागाने दरवाजे दिले, रिकाम्या गावकऱ्यापर्यंत नेणारे बटण दिले, सैनिकांची रांग लावण्याची सोय दिली, तुकड्यांना व्यूह दिले आणि हल्ला झाल्यास घंटा वाजवून गावकऱ्यांना इमारतींत आश्रय देण्याची व्यवस्था केली. लोकसंख्येची मर्यादाही ५० वरून २०० पर्यंत नेता येऊ लागली. परंतु माझ्या मते ती वाढ पेलली गेली ती या लहानसहान सोयींमुळेच. जुन्याच पद्धतीने दोनशे माणसे हाकावी लागली असती, तर तो खेळ शिक्षा वाटला असता.

शेताची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. शेतातील धान्य संपले की पुन्हा पेरणी करावी लागते आणि लढाईच्या धामधुमीत नेमके तेच राहून जाते. २००० साली आलेल्या ‘द कॉन्करर्स’ या पुरवणीने गिरणीतच पुढच्या पेरण्यांचा खर्च आधी भरून ठेवण्याची सोय केली, तर २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या नव्याने घडवलेल्या आवृत्तीमध्ये पेरणी आपोआप होऊ शकते. एकाच त्रासावर इतकी वर्षे काम करत राहणे ही मला निर्मात्यांची खेळाडूविषयीची आस्था वाटते, आणि हा गेम आजही जिवंत असण्यामागे तिचा मोठा वाटा आहे. ज्यांनी हा खेळ कधीकाळी सायबर कॅफेत शेजारी-शेजारी बसून खेळला, त्यांनी २०२२ ची ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणीही जरूर पाहावी. तीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर या संस्कृती स्वतंत्रपणे आल्या आहेत.

ही तपासणी करण्याची रीत साधी आहे. दोन्ही भागांचे ट्रेलर बाजूला ठेवावेत आणि काटछाट न केलेल्या प्रत्यक्ष खेळाचे दहा-पंधरा मिनिटांचे व्हिडिओ शोधावेत. दोहोंत एकच काम निवडावे, उदाहरणार्थ शस्त्र बदलणे, नकाशा उघडणे किंवा हरल्यावर पुन्हा सुरुवात करणे, आणि त्या कामाला किती वेळ व किती बटणे लागतात ते पाहावे. संगणकावर खेळणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास दृश्ये पाहण्यात न घालवता वरच्या कसोटीसाठी वापरावेत. अर्थात त्याआधी आपल्या लॅपटॉपला तो गेम झेपेल का, हे त्याच पानावर लिहिलेल्या गरजांशी ताडून घ्यावे.

दुसरी तपासणी थोडी वाचनाची आहे. पहिल्या भागाची त्या काळातील परीक्षणे वाचून त्यातील मुख्य तक्रार एका वाक्यात लिहून काढावी आणि दुसऱ्या भागाने तिला काय उत्तर दिले ते शोधावे. ‘असॅसिन्स क्रीड’च्या पहिल्या भागात, म्हणजे २००७ मध्ये, प्रत्येक हत्येच्या मोहिमेपूर्वी तीच कामे पुन्हा पुन्हा येत असत: बाकावर बसून चोरून ऐकणे, खिसा मारणे, एखाद्याला मारहाण करून माहिती काढणे. शहरे देखणी होती, इमारतींवर चढण्याचा आनंद नवा होता, पण मोहिमांची ठरावीक चाल खेळाडूला थकवत असे. २००९ च्या दुसऱ्या भागात फ्लॉरेन्स व व्हेनिस आली, मोहिमांचा साचा मोडला, पैसा आणि स्वतःच्या गढीची डागडुजी करण्याचा उद्योग आला. पहिल्या नायकाला पाण्यात पडताच मरण येत असे, तर दुसऱ्या भागाचा नायक एत्सिओ पोहू लागला, आणि व्हेनिससारख्या कालव्यांच्या शहरात पोहता न येणारा नायक चाललाच नसता. या मालिकेची सुरुवात दुसऱ्या भागापासून करावी आणि पहिल्याचा कथासार वाचून घ्यावा, असे मी निःसंकोचपणे सांगतो. २०१६ चा ‘एत्सिओ कलेक्शन’ हा संचही दुसऱ्या भागापासूनच सुरू होतो.

लवकर आलेला पुढचा भाग म्हणजे घाईने उरकलेले काम, असा समज करून घेऊ नये. ‘जीटीए ३’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) २००१ मध्ये आला आणि ‘व्हाइस सिटी’ अवघ्या वर्षभरात, त्याच पायावर. तरी मोटरसायकली, नीट उडवता येणारी हेलिकॉप्टर, विकत घेता येणाऱ्या मालमत्ता आणि मुख्य म्हणजे बोलणारा नायक या गोष्टींमुळे तो कितीतरी भरीव ठरला. (हा गेम प्रौढांसाठी आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.) ‘स्ट्रीट फायटर’ या समोरासमोरच्या मारामारीच्या गेमबाबत तर पहिला भाग कुतूहलापुरता पाहून सोडून द्यावा: १९८७ मध्ये एकट्याने खेळणाऱ्याला केवळ ऱ्यू हा एकच लढवय्या मिळत असे आणि विशेष डाव बटणांतून निघता निघत नसत, तर १९९१ च्या दुसऱ्या भागात धालसिम या भारतीय योग्यासह आठ लढवय्यांतून निवड करता येऊ लागली.

कथा पुढे चालू राहत असेल तर मात्र निर्णय काळजीपूर्वक घ्यावा. ‘मास इफेक्ट’ या अंतराळकथेच्या २००७ च्या पहिल्या भागात आपण घेतलेले निर्णय २०१० च्या दुसऱ्या भागात सोबत येतात, कोणाला वाचवले आणि कोणाला मरू दिले, याचे पडसाद पुढे उमटतात. दुसऱ्या भागातील गोळीबार निश्चितच अधिक सफाईदार आहे आणि साथीदारांच्या वैयक्तिक मोहिमा हा तर त्याचा प्राण आहे. तरीही सुधारणेची किंमत मोजावी लागली: सामानाची किचकट यादी गेली, तशी निर्जन ग्रहांवर गाडी घेऊन भटकण्याची मोकळीकही गेली, आणि ती ज्यांना प्रिय होती त्यांचे दुःख मला खरे वाटते. म्हणून येथे पहिला भाग वगळू नये. २०२१ च्या ‘लेजेंडरी एडिशन’मध्ये तिन्ही भाग एकत्र मिळतात आणि पहिल्या भागातील नेमबाजीही सुधारलेली आहे; नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाच संच घ्यावा.

काही वेळा दुसरा भाग मोठा आणि समृद्ध असूनही पहिल्याचे महत्त्व कमी होत नाही. ‘पोर्टल’ हा २००७ चा कोड्यांचा गेम तीन-चार तासांत संपतो आणि त्यात एकही खोली अनावश्यक नाही. २०११ च्या ‘पोर्टल २’ने उसळी देणारे व वेग वाढवणारे रंगीत द्रव, प्रकाशाचे पूल आणि दोघांनी मिळून सोडवायची स्वतंत्र कोडी दिली. त्यातील विचारसरणी मात्र पहिल्या भागातच शिकवली जाते. येथे क्रम बदलू नये.

ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली, घणसोली, तुर्भे अशी स्थानके मागे टाकत फोनवर खेळणाऱ्यांसाठी कसोट्या थोड्या वेगळ्या आहेत. इंटरनेटशिवाय गेम चालतो का आणि एक डाव दोन-तीन स्थानकांत संपतो का, हे आधी पाहावे. ‘आल्टोज अॅडव्हेंचर’ (२०१५) आणि ‘आल्टोज ओडिसी’ (२०१८) दोन्ही एका बोटाने खेळता येतात. ओडिसीने वाळवंट, कड्यांवरून घसरणे आणि फुग्यांवरून उसळी घेणे यांची भर घातली, परंतु नियंत्रण तसेच सोपे ठेवले. याउलट ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’चा २००९ चा पहिला भाग विकत घ्यायचा गेम होता, तर २०१३ चा दुसरा फुकट आहे आणि त्यातील काही झाडे खऱ्या पैशांनीच मिळतात. नव्या जगांची संख्या वाढली, तरी प्रत्येक अडचणीच्या वेळी दुकानाकडे बोट दाखवणाऱ्या गेमला मी सुधारणा मानत नाही. फोनवर पुढचा भाग उतरवून घेण्यापूर्वी त्याच्या पानावर गेममधील खरेदीचा उल्लेख आहे का, हे पाहण्याची सवय लावावी आणि मुलांच्या फोनवर खरेदीला पासवर्ड ठेवावा.

जुन्या डिस्क घेऊन खेळणाऱ्यांनी दुकानात जाण्यापूर्वी आपल्या प्लेस्टेशनला डिस्कची खाच आहे याची खात्री करावी, कारण डिजिटल आवृत्तीला ती नसते. डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ च्या बहुतेक डिस्क चालतात, त्यामुळे त्या जुन्या डिस्कचा संच स्वस्तात मिळाला तर तोच घ्यावा. आणि पहिला भाग संपवून ती डिस्क बदलून आणण्यास निघण्यापूर्वी, कन्सोलवरील सेव्ह फाइल (आपण कोठवर खेळलो याची साठवलेली नोंद) तेवढी पुसू नये. तिची गरज आहे की नाही, हे पुढचा भाग सुरू केल्यावरच कळते.