बंद पडलेल्या परमिट रूमचा इतिहास शोधायचाय? असं करा

नाक्यावरचा बार बंद होऊन तिथे मोबाईलचं दुकान आलं की दोनेक वर्षांत लोक काहीही ठोकून द्यायला लागतात, कोण म्हणतं पन्नास साली सुरू झाला, कोण म्हणतं मालकाने जुगारात घालवला. ऐकून घ्या सगळं, पण साल माणसाकडून घ्यायचं नाही, कागदाकडून घ्यायचं. पन्नास सालची परमिट रूम म्हणणाऱ्यावर तर लगेच शंका घ्या, कारण 1949 च्या कायद्याने दारूबंदी आली आणि ती सैल झाली पुढे साठच्या दशकात, म्हणजे तेव्हा तिथे फार तर साधं हॉटेल असणार (मागच्या दाराने काय चालायचं ते वेगळं).

सगळ्यात आधी जुनं बिल, मेनू कार्ड नाहीतर काडेपेटी मिळवा. शेजारचा पानवाला, जुना वेटर, गल्लीतला भंगारवाला, विचारत सुटायचं. मुंबईतलं बिल हातात आलं की नीट वाचा: पत्त्यात नुसतं 'बॉम्बे 4' असेल तर बहुतेक 1972 च्या आधीचं, पिनकोड त्या वर्षी 15 ऑगस्टला आले. बीएसटी (बॉम्बे सेल्स टॅक्स) नंबर असेल तर मार्च 2005 पर्यंतचं, व्हॅट असेल तर त्यानंतरचं, जीएसटी असेल तर 1 जुलै 2017 नंतरचं. फोन नंबर सात आकडी असेल तर साधारण 2002 च्या आधीचं. एकच गोष्ट पकडून बसू नका हां, लोक जुनी बिलबुकं संपेपर्यंत वापरतात, वर नवीन शिक्का मारून!

मग जागेचं बघा. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि नोंदणी खात्याच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे जागेच्या नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा. यात जागेचा मालक कळतो, बार चालवणारा कळेलच असं नाही, कारण कित्येक बार कंडक्टिंगवर, म्हणजे दुसऱ्याला चालवायला दिलेले असतात, लायसन्स एकाच्या नावावर आणि गल्ल्यावर बसणारा दुसराच.

लायसन्ससाठी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्या पत्त्यावरचं एफएल-3 (परमिट रूमचं लायसन्स) कधी दिलं, कधी शिफ्ट किंवा रद्द झालं, एवढंच विचारा. मालकाची खाजगी माहिती मागितलीत की अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं.

बंद का पडला हे शोधताना तारीख फार बोलते. 1 एप्रिल 2017 च्या सुमाराला शटर पडलं असेल आणि बार हायवेलगत असेल तर हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करणारा सुप्रीम कोर्टाचा आदेश आठवा. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदीच होती. काही ठिकाणी बायकांनी मतदान करून आडवी बाटली केली, म्हणजे दारूची दुकानं बंद पाडली, त्याच्या बातम्या पेपरच्या स्थानिक पुरवणीत सापडतात. शहरात मात्र बऱ्याचदा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली असते आणि लायसन्स दुसरीकडे शिफ्ट झालेलं असतं, म्हणजे बार मेलेला नाही, फक्त पत्ता बदललाय.

गूगल मॅपवर 'कायमचे बंद' दाखवत असलं तरी फोटो-रिव्ह्यू बरेचदा तसेच असतात, आजच सेव्ह करून ठेवा. वेटरशी बोलायला सकाळी जा, धंद्याच्या वेळी कोणी उभं करणार नाही. आणि लिहिताना रोजच्या गिऱ्हाइकांची नावं गाळा, अर्ध्यांच्या घरी अजून माहीत नाहीये.