नऊ जण, एक ऑपेरा आणि शेवटची गाडी

इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या रोमन अरेनात, म्हणजे रोमन काळातल्या गोल दगडी प्रेक्षागृहात, उघड्या आकाशाखाली ऑपेरा बघायचा, असा आम्हा नऊ जणांचा बेत. उत्साहात तिकिटं काढली. मुक्काम मात्र स्वस्त म्हणून दूरच्या गावी ठरवला. नंतर लक्षात आलं, प्रयोग सुरूच होतो रात्री नऊच्या सुमारास, संपेपर्यंत मध्यरात्र उलटते. परतीची शेवटची गाडी तोवर गेलेली! ते बुकिंग रद्द केलं आणि अरेनापासून चालत जाता येईल अशा खोल्या घेतल्या. महाग पडल्या, पण जीव शांत.

इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र लागू असणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, तरी दोघे शेवटपर्यंत रेंगाळलेच. दगडी पायऱ्यांवर बसायला उशी आणि पावसासाठी रेनकोट मीच सगळ्यांना घ्यायला लावले.