परदेशी राजकारणी स्त्रीवर मराठीत चरित्रलेख कसा लिहावा : कोरी टेंडेलो यांचे उदाहरण

परदेशातील राजकारणी स्त्रीवर लेख लिहायला घेतला की हात आपोआप ‘पहिली’ या शब्दाकडे जातो. नेदरलँड्सच्या बाबतीत अशी नावे चटकन सापडतात. स्यूझे ख्रूनेवेख या 1918 मध्ये निवडून आलेल्या पहिल्या महिला खासदार होत्या आणि मार्खा क्लॉम्पे या 1956 मध्ये पहिल्या महिला मंत्री झाल्या. डच खासदार आणि वकील कोरी टेंडेलो मात्र अशा मानाच्या यादीतून निसटतात. विवाहित स्त्रीला कायद्याने दिलेले दुय्यम स्थान हटवणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते, आणि ते समजून घ्यायचे तर लेखाची सुरुवात त्यांच्या जन्मापासून न करता त्या कायद्यापासून करावी लागते.

म्हणून आधी कायदा नीट वाचावा. 1838 च्या डच नागरी संहितेनुसार विवाहित स्त्री कायदेशीर व्यवहारास अक्षम मानली जात असे. म्हणजे पतीच्या संमतीवाचून तिला सर्वसाधारणपणे करार करता येत नसे. याच्या जोडीला 1924 पासून सरकारी नोकरीतील स्त्रीला लग्न होताच कामावरून कमी करण्याचा नियम आला. 1937 मध्ये रॉमे या मंत्र्यांनी विवाहित स्त्रियांच्या नोकरीवर त्याहूनही व्यापक बंदी घालणारा मसुदा पुढे आणला होता, पण तो कायदा झाला नाही. या तीन गोष्टी लेखाच्या पहिल्या भागात आल्या नाहीत, तर टेंडेलो नेमक्या कशाविरुद्ध लढत होत्या ते वाचकाला शेवटपर्यंत कळणार नाही.

त्यानंतर कागदावर दोन रकाने आखावेत, एकात कायद्यातील बदल आणि दुसऱ्यात व्यक्तीचे आयुष्य. टेंडेलो यांचा जन्म 3 सप्टेंबर 1897 रोजी सुमात्रा बेटावरील तेबिंग तिंगी येथे झाला. येथे केवळ ‘इंडोनेशियात जन्म’ असे लिहून पुढे जाऊ नये. त्या काळी तो प्रदेश डच वसाहत होता, त्यांचे वडील त्याच वसाहतीच्या प्रशासनात होते, आणि हा संदर्भ गाळला तर चित्र अर्धवट राहते. पुढे त्यांनी उत्रेख्त येथे कायद्याचे शिक्षण घेतले, ॲमस्टरडॅममध्ये वकिली केली आणि 1938 मध्ये उदारमतवादी लोकशाहीवादी पक्षातर्फे त्या शहराच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. युद्ध संपल्यावर, 1945 च्या अखेरीस, त्या संसदेत आल्या. 1946 मध्ये त्यांचा पक्ष नव्या मजूर पक्षात विलीन झाला आणि अखेरपर्यंत त्या त्याच पक्षाच्या खासदार राहिल्या. त्यांचे निधन 18 ऑक्टोबर 1956 रोजी झाले. विवाहित स्त्रीची कायदेशीर अक्षमता रद्द करणारा कायदा त्याच वर्षी जूनमध्ये संमत झाला होता, पण तो लागू झाला 1 जानेवारी 1957 रोजी. दोन रकाने शेजारी ठेवले की हे अडीच महिन्यांचे अंतर आपोआप दिसते. त्यावर करुण विशेषणे चढवण्याची गरज उरत नाही.

सर्वाधिक घोटाळे संसदेच्या शब्दांत होतात. ‘ट्वेडे कामर’ याचा शब्दशः अर्थ ‘दुसरे सभागृह’ असा आहे आणि आपल्याकडे तो वाचताच राज्यसभा आठवते. वास्तविक ते जनतेने थेट निवडलेले, म्हणजे लोकसभेसारखे सभागृह आहे, आणि नोव्हेंबर 1956 पर्यंत त्यात शंभर सदस्य होते. दुसरा घोटाळा ठराव आणि कायदा यांच्यातला. टेंडेलो यांचा प्रसिद्ध ठराव 22 सप्टेंबर 1955 रोजी 46 विरुद्ध 44 मतांनी संमत झाला. विवाहित स्त्रीच्या नोकरीवर बंदी घालणे हे राज्याचे काम नाही, अशी भूमिका त्यात होती आणि सरकारने आपले नियम त्यानुसार तपासावेत, अशी अपेक्षा होती. ठरावाने नियम त्या दिवशीच रद्द झाला नाही. तो बदल नंतर झाला. शिवाय हा ठराव नोकरीविषयी होता, तर 1956 चा कायदा करार आणि मालमत्तेच्या व्यवहारांविषयी. अनेक लेखांत या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मिसळलेल्या आढळतात आणि मग एका मतदानाने सगळे बदलले, असा सोयीस्कर पण चुकीचा समज पसरतो.

मतदानाचे वर्णन करताना आणखी एक बाब नोंदवावी. टेंडेलो या विरोधी बाकांवर नव्हत्या. त्यांचा मजूर पक्ष पंतप्रधान द्रेस यांच्या नेतृत्वाखाली कॅथॉलिक पक्षासोबत सत्तेत होता. त्या काळचा डच समाज कॅथॉलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी अशा वेगवेगळ्या ‘खांबां’त विभागलेला होता आणि प्रत्येक खांबाची वृत्तपत्रेही वेगळी होती. त्यामुळे मजूर पक्षाचे ‘हेट फ्रेये फोल्क’, त्या वेळी कॅथॉलिक असलेले ‘फोल्क्सक्रांट’ आणि प्रोटेस्टंट ‘ट्राऊ’ यांत एकाच घटनेची बातमी शोधून तिघांची तुलना करावी. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डेल्फर या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रे मोठ्या प्रमाणावर विनामूल्य वाचता येतात. संसदेतील भाषणांचे अधिकृत इतिवृत्तही 1814 ते 1995 या काळापुरते डिजिटल रूपात उपलब्ध आहे. भाषांतर यंत्राच्या मदतीने मजकूर समजतो, परंतु उद्धृत करायचे वाक्य डच जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे.

स्त्रीचळवळीची कागदपत्रे ॲमस्टरडॅममधील आत्रिया या संस्थेत आहेत. 1935 मध्ये स्थापन झालेला हा संग्रह नाझींनी 1940 मध्ये लुटून नेला. त्यातील काही भाग 1992 मध्ये मॉस्कोत असल्याचे उघड झाले आणि 2003 मध्ये तो परत आला. त्यामुळे युद्धपूर्व काळातील एखादा कागद मिळाला नाही, तर तो कधी नव्हताच असा निष्कर्ष काढू नये.

नावांकडे शेवटी वळावे, पण घाईने नव्हे. डच भाषेत जोडीने आलेल्या दोन ‘ओ’ अक्षरांचा उच्चार दीर्घ ‘ओ’ असा होतो, म्हणून ‘टेंडेलू’ असे न लिहिता ‘टेंडेलो’ असे लिहावे. ‘ग’ बहुधा घशातून येणाऱ्या ‘ख’सारखा ऐकू येतो. जुन्या कागदपत्रांत त्यांच्या नावाआधी ‘एमआर’ ही दोन अक्षरे दिसतात. तो ‘मिस्टर’ नव्हे, तर कायद्याच्या पदवीधरांना लावली जाणारी ‘मेस्टर’ ही उपाधी आहे. या दोन अक्षरांमुळे एखादी विदुषी पुरुष ठरण्याची भीती खरोखरच असते. त्यांच्यासाठी वापरलेला ‘मेयुफ्राऊ’ हा शब्द अविवाहित स्त्रीसाठी होता. त्याचे मराठीत ‘कुमारी’ करावे की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतात. माझ्या मते ‘टेंडेलो यांनी’ हा साधा आदरार्थी प्रयोग पुरेसा आहे.

लेख 1957 च्या विजयावर संपवण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण पती हा कुटुंबप्रमुख आहे, हे वाक्य 1956 च्या कायद्यानंतरही डच संहितेत राहिले होते आणि ते 1970 च्या सुमारास गेले.