आत्यासाठी सीनियर लिव्हिंग बघायला जाताना: आमच्या वहीतली तयारी

आत्या ७८ वर्षांची, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे मागच्या पावसाळ्यात ती जवळजवळ महिनाभर खाली उतरलीच नाही. तिचा मुलगा न्यू जर्सीला, मी ठाण्यात. शेवटी तीच म्हणाली, आता दुसरं काहीतरी बघूया गं. मग आम्ही पुण्याच्या आसपास, भूगाव-बाणेर-तळेगाव बाजूला ज्येष्ठांसाठीच्या निवासाची चार ठिकाणं पाहिली, आणि पहिल्या दोन ठिकाणी नेमकं काय विचारायचं तेच सुचत नव्हतं म्हणून एक वही केली. कोणाला उपयोग होईल म्हणून टाकतेय.

फोन फिरवायच्या आधी घरीच तिच्यासोबत निवांत बसा आणि तिचा एक साधा दिवस लिहून काढा, म्हणजे किती वाजता उठते, चहा कधी लागतो, गोळ्या कुठल्या आणि कधी, अंघोळीला मदत लागते का, रात्री किती वेळा उठते, जिना चढता येतो का, उपवास कुठले करते. आत्याने सांगितलेल्या तीन गोष्टी माझ्या डोक्यातही नव्हत्या: स्वतःचा देव्हारा, सकाळी साडेपाचला चहा, आणि रविवारी भाची-पुतणे आले तर त्यांना खोलीत बसवून जेवू घालता आलं पाहिजे. तिला न विचारता, तिला जागा न दाखवता कोणीही टोकन देऊ नका प्लीज, पैसे कोणीही भरत असलं तरी राहायचं तिला आहे.

फोनवर पहिला प्रश्न हाच की तुमच्याकडे नक्की काय आहे. इंडिपेंडंट लिव्हिंग म्हणजे स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी फ्लॅट, वर मेस, हाउसकीपिंग वगैरे. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे अंघोळ, कपडे, औषधं यासाठी माणूस मिळतो. ब्रोशरवर सगळं एकत्र छापलेलं असतं पण प्रत्यक्षात एकच असतं, आणि ते तिथे पोचल्यावर कळलं की अख्खा दिवस फुकट जातो.

व्हिजिट दोन करा. एक ते देतील त्या वेळेला, आणि दुसरी साध्या मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी, सहा ते आठ. जेवायला थांबा, पैसे देऊन जेवा. भात मऊ आहे का, पोळी चावता येते का, डायबेटिसवाल्यांना वेगळं काही आहे का, चतुर्थीला काय मिळतं. तिथे राहणाऱ्या दोन-तीन जणांशी स्टाफ जवळ नसताना बोला, फक्त कमिटीतल्या काकांशी नको. आम्हाला एका आजींनी सांगितलं की मे महिन्यात टँकर येतो आणि पाणी दिवसातून दोनदाच सुटतं, ही माहिती ऑफिसमध्ये कोणी दिली नसती.

बाथरूममध्ये स्वतः जाऊन उभे राहा. कमोडशेजारी आणि शॉवरखाली पकडायला दांडा आहे का आणि तो हलतो का, फरशी ओली करून पाय टाकून बघा, दार बाहेर उघडतं का (आत माणूस पडला तर आत उघडणारं दार अडतं), बेलची दोरी जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली येते का. ती बेल वाजवून बघा आणि घड्याळ लावा. टेप घेऊन जा, महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांची किमान मानकं ठरवली आहेत, त्यात दार निदान ९० सेंटीमीटर रुंद हवं, म्हणजे व्हीलचेअर जाते. नवा प्रकल्प विकत घेत असाल तर महारेरा नंबर घेऊन साइटवर तपासा आणि या सोयी सेल ॲग्रीमेंटमध्ये लिहिल्यात का ते बघा. लाइट गेली तर जनरेटरवर फक्त लिफ्ट चालते की खोलीतला पंखाही, हेही विचारा. खोलीत मोबाइलला रेंज आहे का बघायचं आम्ही एकदा विसरलो होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आजारपण. इथे अजिबात संकोच करू नका. एका ठिकाणी आम्हाला चोवीस तास नर्स आहे असं सांगितलं, आणि संध्याकाळी परत गेलो तेव्हा कळलं की रात्री आठनंतर नर्स फोनवर असते आणि आवारात फक्त सिक्युरिटी. म्हणून थेट विचारा, आज रात्री दोन वाजता आत्या बाथरूममध्ये पडली तर पहिला माणूस कोण येणार, त्याचं शिक्षण काय, गाडी तिथे उभी असते की १०८ ला फोन करणार, कुठल्या हॉस्पिटलला नेणार, तिचा मेडिक्लेम तिथे कॅशलेस आहे का, सोबत कोण जाणार, ॲडमिशनच्या फॉर्मवर सही कोण करणार आणि डिपॉझिट कोण भरणार. त्या हॉस्पिटलपर्यंत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये स्वतः गाडी नेऊन बघा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब कोण घालणार? फ्रॅक्चर झालं आणि तीन महिने अंथरुणात राहायची वेळ आली तर खोलीतच ठेवणार की हलवणार, बाहेरची आया ठेवू देतात का, तिच्या जेवणाचे वेगळे किती? आणि विसरायला व्हायला लागलं तर? बऱ्याच ठिकाणी डिमेन्शिया झाला की जागा सोडावी लागते, ती अट करारात आत कुठेतरी असते, तोंडी कोणी सांगत नाही. आत्यासमोर हे विचारताना माझा घसा भरून आला होता, पण तीच म्हणाली, विचार गं, मला पण ऐकायचंय.

पैशांचं: विकत, भाड्याने की डिपॉझिट देऊन राहायचं, तिन्हीचे कागद वेगळे. महिन्याचा आकडा जीएसटी धरून की सोडून, दरवर्षी किती वाढतो, ती महिनाभर आमच्याकडे आली तर जेवणाचे कापतात का, सोडलं तर डिपॉझिट किती महिन्यांत परत आणि त्यातून काय वजा होतं, आणि तिच्या पश्चात फ्लॅटचं काय, कारण वारसाला वयाची अट असेल तर तो तिथे राहू शकत नाही, फक्त विकू शकतो. कराराचा मसुदा घरी आणा, वकिलाला दाखवा. आणि वर्षभर तरी जुनं घर विकू नका. मुलांच्या नावावर बक्षीसपत्र करायचा विषय निघालाच तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहा, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार त्यामुळे मिळतो.

कागद: आधार, पॅन, पेन्शनचं पुस्तक, मेडिक्लेम, जुने रिपोर्ट, इच्छापत्र, सगळ्याची एक फाइल आणि एक झेरॉक्स सेट माझ्याकडे. बँक खातं जॉइंट करून घ्या, ते राहून जातं, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका, माणसाला समज राहिली नाही की साधं मुखत्यारपत्र चालत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवरून कोण करून देणार तेही ठरवा.

पसंत पडलं तरी लगेच सही नाही. ट्रायल स्टे मागा, दोन-तीन दिवस पुरत नाहीत, निदान पंधरा दिवस, आणि पहिल्या आठवड्यात तिला न्यायला जाऊ नका पण रोज फोन करा, दुपारी एकदा आणि रात्री जेवण झाल्यावर एकदा, कारण एकटं वाटतं ते तेव्हाच. आत्याची बॅग भरून झालीये: गोळ्यांचा डबा, चष्म्याची दुसरी जोडी, स्वतःची उशी, सुती साड्या, वॉकर, आमच्या तिघांचे नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा, आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवलाय. सोमवारी निघतोय.