कारवीच्या रानात पहिला प्रबंध करताना

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी घाटमाथ्यावरच्या जंगलात कारवी या झुडपाखालच्या वनस्पतींची नोंद करायला गेले, तेव्हा कारवीच्या दाटीमुळे खालची विविधता घटते का, या प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असे मला वाटत होते. कारवी घाणेरीसारखी बाहेरून आलेली नाही, ती सह्याद्रीचीच आहे. तरीही तिच्या दाट जाळीत भर दुपारी जमिनीवर फारसा उजेड पोहोचत नाही आणि अंजनी, जांभूळ, पिसा यांची रोपे मला तिथे तुरळकच दिसली.

मी जिथे फसले, ते मात्र नीट समजून घ्या. जमिनीवर आखलेल्या प्रत्येक चौकटीत मी कारवीचे आच्छादन (तिने झाकलेल्या जागेचा वाटा) मोजले आणि त्याच चौकटीचा शॅनन निर्देशांक (जाती किती आणि त्यांचे वाटे किती सारखे, यावरून येणारा विविधतेचा आकडा) काढताना कारवीलाही हिशेबात धरले. समजा, एका चौकटीत पाच जाती आहेत आणि प्रत्येकीचा वाटा २० टक्के आहे, तर निर्देशांक १.६१ येतो. दुसऱ्या चौकटीत त्याच पाच जाती आहेत, पण कारवी ८० टक्के आणि उरलेल्या चार प्रत्येकी ५ टक्के आहेत, तर तो ०.७८ येतो. एकही जात नाहीशी झालेली नसताना विविधता निम्म्याने घटलेली दिसते, कारण जी गोष्ट आडव्या अक्षावर मोजली तीच उभ्या अक्षातही शिरलेली असते. कारवी वगळून उरलेल्या चार जातींचा निर्देशांक काढला, तर तो दोन्हीकडे १.३९ येतो. माझा सुरेख उतरता आलेख असा केवळ अंकगणितातून जन्मला होता आणि हे मला तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी उमगले.

घाबरू नका. नोंदवहीत जातवार आच्छादन लिहिलेले असेल, तर पुन्हा रानात न जाता सारे दुरुस्त करता येते. केवळ निर्देशांकाचे आकडे जपून मूळ नोंदी टाकून देणाऱ्याला मात्र कोणीही वाचवू शकत नाही. सॉफ्टवेअरचे बटण दाखवून मोकळा होणारा मार्गदर्शक मला अपुरा वाटतो. एक चौकट तरी त्याने तुमच्याकडून कागदावर हाताने सोडवून घ्यावी. रोपांची ओळख पटवतानाही मोबाइलवरच्या अॅपपेक्षा वाटाड्या म्हणून सोबत येणाऱ्या गावकऱ्यांवर माझा अधिक विश्वास आहे, मात्र नमुना वनस्पतिसंग्रहालयात ताडून पाहावाच.

आकडेमोड सुधारली तरी कारण सिद्ध होत नाही, कारण उतार, मातीची खोली आणि वरच्या झाडांचे छत यांमुळेही कारवी दाट आणि इतर रोपे विरळ असू शकतात. इथे कारवीचे जीवनचक्रच उपयोगी पडते. सात-आठ वर्षांनी ती एकाच वेळी फुलते, बी धरून वाळून जाते आणि त्या जागी उजेड येतो. पुढच्या पावसाळ्यात तिचीच रोपे पुन्हा दाटीने उगवतात. म्हणून वनविभागाची परवानगी घेऊन फुलोऱ्याच्या आधीच कायमच्या चौकटी आखा आणि त्याच चौकटी कारवी वाळल्यानंतरच्या पावसाळ्यातही मोजा. दोन्ही वेळी महिना तोच ठेवा, कारण रानहळदीसारख्या कंदवनस्पती उन्हाळ्यात जमिनीवर दिसतच नाहीत.