उन्हाळ्यात फिल्म धुताना डेव्हलपर गार ठेवायचा असेल तर

सांगलीत एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळीसुद्धा कोमट येतं, आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या डेव्हलपरला (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) हवं असतं 20 अंश सेल्सिअस. जास्त तापला की निगेटिव्ह काळीकुट्ट होते.

आदल्या रात्री माठ भरून ठेवा. फिल्म धुण्याआधी तासभर त्यातलं पाणी प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या आणि डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं), फिक्सर (चित्र पक्कं करणारं) या तिन्हींच्या बाटल्या त्यात उभ्या करा. बर्फ पिशवीत गाठ मारून घमेल्यात सोडा. थेट डेव्हलपरमध्ये नको, तो पातळ होतो. थर्मामीटरही बाटलीत घालून बघायचा, घमेल्यात नव्हे. दोन्हींत चांगलाच फरक असतो.

20 गाठलं नाही तरी घाबरू नका. 24 वर स्थिर ठेवा आणि डेव्हलपरमधला वेळ कमी करा: 20 ला 10 मिनिटं लागत असतील तर 24 ला साधारण 7. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, डेव्हलपिंग असमान होतं.

शेवटच्या धुण्यासाठी त्याच तापमानाचं पाणी दोन बादल्या आधीच काढून ठेवा. गार फिक्सरमधली फिल्म तापल्या नळाखाली धरली तर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, सुरकुत्या पडू शकतात, आणि त्या काही केल्या जात नाहीत.