मैदानाचं काम अंगावर घेण्याआधी

कोल्हापुरात फुटबॉलचं मैदान नव्यानं करायचं ठरलं की सगळे आधी गवताचा दर विचारतात. गवत मिळतं. अडतं ते पाण्यावाचून नव्हे, पाण्यानं. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जुलैत पाणी धरून बसते. त्या पाण्यात नव्यानं लावलेल्या गवताच्या कांड्या कुजतात. जुनं गवत जगलं तरी अशा चिखलात एक सराव झाला की मुळासकट उखडतं. म्हणून काम घेण्याआधी तपासायच्या यादीची सुरुवात मैदानाबाहेरच्या गटारापासून.

मैदान १०५ बाय ६८ मीटरचं आणि कडेची मोकळी पट्टी धरून साधारण ८,००० चौरस मीटर, म्हणजे दोन एकर, असं धरू. टचलाइनच्या, म्हणजे लांबीकडच्या रेषेच्या, बाहेरून जाणारी मुख्य पाइप दर २०० मीटरला एक मीटर उतारानं टाकली, तर १०५ मीटरच्या टोकाला ती सुरुवातीपेक्षा ५२ सेंटीमीटर खाली जाते. सुरुवातीची खोली त्यात मिळवा. पाणी बाहेर पडण्याचं तोंड मैदानाच्या कडेपेक्षा एक मीटरभर खाली येतं. बाहेरच्या गटाराचा तळ त्याच्याही खाली आहे का, हे उंची मोजायचं डंपी लेव्हल लावून बघा, डोळ्यांनी नको. गटार उथळ निघालं तर मुख्य पाइप मधून दोन्ही टोकांकडे उतरवा, म्हणजे उतारानं वाढणारी खोली निम्मी होते. तरीही जमत नसेल, तर पाणी साठवायची टाकी आणि पंप अंदाजपत्रकात आत्ताच घाला. नंतर तो पैसा कुणी देत नाही.

मैदानाची पाठ मधोमध उंच हवी. गोल ते गोल जाणाऱ्या मधल्या रेषेपासून टचलाइनपर्यंत ३४ मीटरला ३४ सेंटीमीटर उतार पुरतो. दर १० मीटरला खुंटी ठोकून लेव्हल घ्या. वळवाचा एखादा पाऊस मिळाला तर जिथं पाणी थांबतं तिथं चुन्याच्या फक्कीनं गोल मारून ठेवा. लेव्हलच्या कागदापेक्षा तो नकाशा जास्त खरा असतो.

आडव्या चाऱ्या दर ५ मीटरला, २० सेंटीमीटर रुंद, ४५ सेंटीमीटर खोल. एकूण लांबी सुमारे १,४३० मीटर. तळाला ८० एमएमची भोकांची पाइप, तिच्या भोवती आणि वर मिळून ३० सेंटीमीटर खडी आणि शेवटचे १५ सेंटीमीटर वाळू. खडी सुमारे ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), वाळू १५ ब्रास. खडी ६ ते १० एमएमचीच घ्या. २० एमएमची घातली तर वरची वाळू पहिल्या पावसात तिच्या फटीत उतरते आणि चारीवर खोलगट पट्टे पडतात. चारी ट्रॅक्टरच्या ट्रेंचरनं काढा. जेसीबीची अरुंद बकेटसुद्धा फूटभर रुंद असते, म्हणजे ३० ब्रास खडीचं काम ४५ वर जातं, शिवाय चाकांखाली माती दाबली जाते ते वेगळंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र फुकटच्या मातीची. चारीतून निघालेली काळी माती लांब टाकायचं भाडं वाचवायला तीच वरून पसरतात. मग खाली कितीही खडी असो, झाकण लागलं. वाळू थेट पृष्ठभागापर्यंत यायला हवी आणि खोदलेली माती, जवळजवळ ४५ ब्रास आणि सुटी झाल्यावर त्याहून जास्त, मैदानाबाहेर जायला हवी. तिच्या वाहतुकीची ओळ दरपत्रकात स्वतंत्र लिहा.

क्रश सँड म्हणून खाणीवरची कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, गळ्यात मारली जाते. ती ओली होऊन वाळली की फरशीसारखी बसते. धुतलेलीच मागा. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, पाणी भरून हलवा आणि तासाभरानं बघा. वाळूवर गाळाचा थर तिच्या उंचीच्या विसाव्या भागाहून जाड असेल तर डंपर परत पाठवा. आखाड्याला शोभणारी तांबडी माती मैदानावर पसरायची हौसही टाळा. बारीक कणांचा तो थर काळ्या मातीवर आणखी एक थर होतो आणि पाणी दोघांच्या मध्ये अडकतं.

आहे त्या मैदानावर निम्म्याहून जास्त हरळी जिवंत असेल तर ती उपटू नका. चाऱ्या मारा, पोकळ दातांच्या यंत्रानं ८-१० सेंटीमीटर खोल भोकं पाडा आणि वर ३ एमएम वाळू ओढा. त्याला साडेआठ ब्रास लागते. सगळीकडे १० सेंटीमीटरचा नवा थर द्यायचा म्हटलं तर २८३ ब्रास. फरक मालकाला आधी दाखवा. भोकं वाफशावरच, म्हणजे माती ना ओली ना कोरडी असताना, पाडायची. ओल्या काळ्या मातीत दात फिरले की भोकाची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते.

लव्हाळा हे गाठींचं तण असेल तर रोटाव्हेटर बाजूला ठेवा. एकेक गाठ सुटून नवं रोप होतं. आधी पाणी देऊन उगवू द्या आणि तीन ते पाच पानांवर उसात वापरतात ते तणनाशक, हॅलोसल्फ्युरॉन, एकरी ३६ ग्रॅम, लेबल वाचून, फवारा.

लावणी मेच्या मध्यापर्यंत सुरू व्हावी, म्हणजे जुलैच्या झडीआधी मुळं धरतात. त्यामुळं शाहू स्टेडियमवरच्या आणि तालमींच्या फुटबॉल संघांच्या स्पर्धांच्या तारखा विचारूनच करारावर सही करा. हंगाम लांबला की पहिला बळी लावणीचा. दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या, ओळीत १५ सेंटीमीटर अंतर. रोज ५ एमएम पाणी म्हणजे ४०,००० लिटर, दहा हजारी टँकरच्या चार खेपा. बोअर असेल तर मे महिन्यातला उपसा मोजून घ्या, हिवाळ्यातला आकडा कामाचा नाही.

लावणीआधी सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची पाच पोती. पुढं महिन्याला अमोनियम सल्फेटची चार, दोन हप्त्यांत. आपल्या चुनखडीयुक्त मातीला ते मानवतं. कापणी ५-६ सेंटीमीटरवर सुरू करा आणि एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका.

करारात दोन अटी हव्यात. लावणीनंतर किमान दहा आठवडे फाटकाची किल्ली ठेकेदाराकडे, आणि मंडपाच्या मेखा किंवा गाड्या आत आल्या तर दुरुस्ती वेगळ्या दरानं. शिवाय कडेला २०० चौरस मीटरची रोपवाटिका त्याच मातीत, त्याच वाळूवर राखा. दोन्ही गोलसमोरचे छोटे चौकोन मिळून तेवढेच भरतात आणि हंगामात आधी तेच उघडे पडतात.